कासवांची चतुर्थी

आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या देवळाचं नाव ‘संजूभाऊ टायगर अड्डा’ झालं आहे, ही बातमी मला दूर्वा निवडताना कळली. माझी सून सलोनी औषधाच्या दुकानात काम करते. घरी आली की हातपाय धुते, चहाचं आधण ठेवते आणि उकळी येईपर्यंत मोबाईलवर ‘मुलूख’ नावाचा खेळ खेळते. त्या दिवशी तिने मोबाईल माझ्या डोळ्यांपुढे धरला. नकाशात आमची गल्ली होती, पाण्याची टाकी होती, बसस्टँड होता, आणि देवळाच्या जागी एक पट्टेदार झेंडा फडकत होता. झेंड्याखाली ते नाव.

दूर्वांची जुडी बांधताना मी मनातल्या मनात मोजते. त्या दिवशी जुडीत किती गेल्या ते त्या गणपतीलाच माहीत.

संजय म्हणजे आमच्या शेजारच्या मथुराबाईंचा मुलगा. गावात त्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, दोन लेकरांचा बाप आहे, केस पांढरे व्हायला लागले आहेत. अशा माणसाने देवळावर आपली पाटी लावावी? मी पदर सावरून त्याच्या दुकानात गेले. माझा आवाज जन्मापासूनच बारीक. मी बोलते तेव्हा समोरचा माणूस आधी ‘अं?’ म्हणतो, मग कानामागे हात नेतो, आणि तिसऱ्या खेपेला मीच ‘जाऊ द्या’ म्हणते. पण त्या दिवशी जाऊ दिलं नाही. तिन्ही वेळा तेच वाक्य म्हटलं.

संजयने युरियाच्या पोत्यावर बसायला सांगितलं आणि अगदी नम्रपणे म्हणाला, “काकू, ज्याची गढी त्याचं नाव. थो नियमच आहे खेळाचा. तुम्ही जिंका अन् बदला, मी कुठं नाही म्हणून राह्यलो?”

तो हसला नसता तर कदाचित मी गप्प बसले असते. घरी येऊन देवापुढे बसले, हातावर पाणी घेतलं आणि संकल्प सोडला, की या देवळाचं नाव पुन्हा देवळासारखं होईल तोवर मी दही खाणार नाही. दह्यावर माझा फार जीव आहे. नावडत्या वस्तूचा त्याग करून देवाला फसवण्यात अर्थ नसतो.

आता हा खेळ काय आहे ते सांगायला हवं, कारण मलाही तो समजायला बराच वेळ लागला. खरं गाव तेच खेळातलं गाव. देऊळ, टाकी, बसस्टँड, वाचनालय अशा जागांना ‘गढी’ म्हणतात. खेळणाऱ्यांच्या तीन टोळ्या असतात : वाघ, मोर आणि कासव. गढीपाशी प्रत्यक्ष पायी जाऊन आपलं जनावर तिथे उभं करायचं. दुसऱ्या टोळीचा माणूस येऊन दोन्ही अंगठ्यांनी पडदा बडवतो, त्याला हल्ला म्हणतात. जनावरांना भूक लागते, भुकेलं जनावर लवकर पडतं, म्हणून त्यांना खाऊ घालावं लागतं. भाकर घातली तर अंगात पूर्ण बळ येतं, फळ घातलं तर जेमतेम धुगधुगी राहते. आणि हंगाम संपायच्या क्षणी ज्याच्या हाती गढी, तो तिला वर्षभरासाठी नाव देतो. हंगाम कार्तिकात संपणार होता. गेल्या खेपेला देवळाची गढी संजयच्या हाती होती. या कार्तिकापर्यंत काही केलं नाही, तर आणखी वर्षभर माझा गणपती टायगर अड्ड्यात राहणार होता.

सरळ मार्गाने जाणाऱ्या बाईने आधी तक्रार करावी, म्हणून मी तक्रार केली. खेळाच्या कंपनीला सलोनीने लिहून दिलं, तर तिकडून यंत्राचं उत्तर आलं, हिंदीत, की आपकी भावनाएँ हमारे लिए महत्त्वपूर्ण हैं. त्याच्याखाली त्याच यंत्राने मला विचारलं होतं की या उत्तराला मी किती तारे देईन. मग तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी फार शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं की देवळाचा सातबारा कोणाच्या नावावर आहे. मी म्हटलं, देवस्थानाच्या. ते म्हणाले, मग नाव बदललेलं नाही. मी म्हटलं, मोबाईलमध्ये बदललं आहे. ते म्हणाले, मोबाईलमधली जमीन आमच्याकडे येत नाही. एवढं सरळ उत्तर कचेरीत मिळाल्यामुळे मी त्यांना नमस्कार केला आणि बाहेर पडले.

तेव्हा जिंकण्यावाचून मार्ग उरला नाही.

सलोनीने खेळ माझ्या मोबाईलवर घ्यायला घेतला आणि पहिल्याच पायरीवर गाडी अडली. माझ्या मोबाईलमधलं खातं यांच्या नंबराशी जोडलेलं, त्यामुळे ओटीपी यांच्या मोबाईलवर गेला. हे झोपाळ्यावर बसले होते. मी ओटीपी मागितला तर म्हणाले, देणार नाही, ओटीपी कोणाला सांगायचा नाही असं बँकेने सांगितलं आहे. मी म्हटलं, मी तुमची बायको आहे. ते म्हणाले, फसवणारे असंच म्हणतात. सलोनीने समजावलं, मी समजावलं, शेजारच्या नानाजींनी भिंतीवरून समजावलं. हे ढिम्म. शेवटी मी एवढंच म्हटलं की ठीक आहे, मग मी सकाळचं मौन आजपासून सोडते. रोज पूजा होईपर्यंत मी मौन पाळते आणि यांचा पेपर त्या वेळात वाचून होतो. ओटीपी लगेच मिळाला, वर मोबाईलही हातात ठेवला.

मग टोळी निवडायची होती. सलोनी म्हणाली, “आई, वाघ किंवा मोर घ्या. कासव कोणीच घेत नाही. आपल्या तालुक्यात कासवं औषधालाही नाहीत.”

पण मी कासवाचं चित्र पाहिलं आणि माझे हात आपसूक जोडले गेले. कोणत्याही देवळात जा, देवाच्या आधी कासवाला नमस्कार करावा लागतो. ते मंडपाच्या दारात असतं, सगळ्यांचे पाय सोसतं आणि देवाकडे पाहत असतं. मी कासव घेतलं. सलोनीने कपाळावर हात मारला, आणि मग आपली मोराची टोळी सोडून तीही कासवात आली. सून म्हणून तिच्याकडून माझी आणखी काही अपेक्षा नाही.

वाघांनी भरलेली देवळाची गढी दोघींना घेता येत नाही. टोळी वाढवायची तर माझ्यापुढे भजनी मंडळाशिवाय दुसरी बायकामाणसं नव्हती, आणि मंडळाच्या प्रमुख मथुराबाई, म्हणजे संजयची आई. त्यांच्या दारात उभं राहून मी विषय काढला. मथुराबाईंनी मला विड्याचं पान दिलं आणि मुलाचीच बाजू घेतली. म्हणाल्या, नाव तं त्याचंच आहे न, परक्याचं थोडीच आहे. मी म्हटलं, ‘संजय’ असतं तर मीही समजून घेतलं असतं, पण पुढे ‘अड्डा’ आहे. मथुराबाईंना कोणी हे वाचून दाखवलंच नव्हतं. त्यांच्या जबड्याची हालचाल थांबली.

“अड्डा?” त्या म्हणाल्या. “माह्या सासऱ्यानं त्या देवळाले चुना लावला, अन् ह्यानं अड्डा केला?”

मथुराबाईंच्या मागोमाग मंडळ आलं. पाठोपाठ बसमधल्या कंडक्टर साधनाबाई आल्या. त्या चतुर्थी करत नाहीत, बौद्ध आहेत, पौर्णिमेला विहारात जातात. पण माझी त्यांची जुनी मैत्री, आणि संजयने एकदा सुट्ट्या पैशांवरून त्यांच्याशी हुज्जत घातली होती. त्या म्हणाल्या, “देवाचं तुम्ही पाहा बाई, संजूभाऊचं मी पाहते.” त्यांची गाडी राळेगावला जाते-येते. वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर गाडी उभी राहिली की त्या तिकीट फाडता फाडता एक कासव ठेवून येत. राळेगाव मार्ग आठवड्यात हिरवा, म्हणजे कासवांचा झाला.

सलोनीने स्वयंपाकघरात बसून आम्हाला डावपेच शिकवले. पोळपाट म्हणजे गाव, वाटी म्हणजे देऊळ, लिंबू म्हणजे टाकी, आणि बसस्टँडच्या जागी खोबऱ्याचा तुकडा. या तिन्ही गढ्या एका टोळीकडे आल्या तर त्यांचं त्रिकोणी रान तयार होतं आणि आतल्या भिंती जाड होतात. हल्ला करायला शक्ती लागते, राखायला सवय लागते, असं ती म्हणाली. वाघांजवळ शक्ती आहे, दुकानं बंद झाली की ते येतात आणि बडवतात. आपण त्यांच्याशी अंगठ्यांनी लढायचं नाही. ते झोपलेले असताना गढी घ्यायची आणि ते उठायच्या आत भिंत जाड करायची. आपल्या गढीभोवती फेऱ्या घातल्या की भिंत जाड होते.

मंडळ एकमेकींकडे पाहायला लागलं. कार्तिकात आम्ही काकड आरतीला पहाटेच उठतो. फेऱ्या तर आम्ही रोज घालतो. आजवर ज्या सवयींसाठी घरची माणसं आम्हाला हसत आली, त्याच इथे युद्धाभ्यास ठरल्या.

पहिल्या पहाटे आम्ही गढी घेतली तेव्हा वाघांची सगळी जनावरं भुकेने वाळलेली होती, कारण संजय नऊच्या आधी उठत नाही. एका गढीत सहाच जनावरं मावतात; मथुराबाईंनी आमच्या सहाही कासवांना पडद्यावरूनच हळदकुंकू लावलं. मोबाईलच्या काचेवर ते नीट बसेना, पुसलं तर सगळी बोटं लाल. मी हातावर पाणी घेऊन म्हटलं की आम्ही आणि ही आमची सहा कासवं, सगळे मिळून हे व्रत करत आहोत. सगळ्यांना ते फार शोभून दिसलं. मलाही दिसलं. त्या वाक्याने पुढे काय केलं ते येईलच.

फेऱ्या सुरू झाल्या आणि भिंत काही वाढेना. सलोनीने नकाशा मोठा करून पाहिला. खेळाच्या मते देऊळ देवळात नव्हतं. उपग्रहाच्या कसल्याशा चुकीने गढीचा मध्य थोडा सरकला होता, आणि सरकून नेमका देवळामागच्या सार्वजनिक शौचालयावर जाऊन बसला होता. म्हणजे फेरी घालायची तर शौचालयाला घालावी लागणार.

त्यावर मंडळात वाद झाला. एक गट म्हणाला, व्रत सोडा. दुसरा म्हणाला, डोळे मिटून घाला. मी सकाळभर विचार केला आणि तोडगा काढला. फेरी इतकी मोठी घ्यायची की देऊळ आणि शौचालय दोन्ही आत येतील. मन देवळाकडे ठेवायचं, बाकीचं मोबाईल पाहील. आम्ही नऊवारी-पाचवारी नेसलेल्या बायका हातात माळ आणि मोबाईल घेऊन रोज पहाटे तो मोठा फेरा घालू लागलो. भिंत जाड होऊ लागली.

पण गावाला फक्त एवढंच दिसत होतं की भजनी मंडळ शौचालयाला प्रदक्षिणा घालतं. नानाजींनी यांना बाजूला घेऊन विचारलं की वहिनींची तब्येत बरी आहे ना. पलीकडच्या बंजारा तांड्यावरच्या रुपीबाई भाजी विकता विकता थांबल्या, दोन फेऱ्या पाहिल्या आणि मला आपल्या बोलीत आई म्हणत म्हणाल्या की याडी, कोणता देव आहे तो, आमच्या तांड्यावर पण सांगते. आणि एके दिवशी स्वच्छता अभियानाचे अधिकारी गाडी घेऊन हजर झाले. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की इथे महिलांनी शौचालयाविषयी जनजागृतीचा अभिनव उपक्रम चालवला आहे. त्यांनी आम्हाला शौचालयाच्या दारात ओळीत उभं केलं, गळ्यात हार घातले आणि फोटो काढला. मी सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, “अं?” आणि कानामागे हात नेला. तोवर मथुराबाईंना श्रीफळ देऊन झालं होतं. तो फोटो सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. माझ्या महागावच्या नणंदेने खाली लिहिलं, ‘वहिनी, तुमचा अभिमान वाटतो, पण आत कोण होतं?’

मी त्या दिवशी दह्याच्या भांड्याकडे पाहिलंसुद्धा. पण हात लावला नाही.

संजयही स्वस्थ बसला नव्हता. तो रोज रात्री जेवण झाल्यावर मोबाईल दुरुस्तीवाल्या पूनमसिंगला घेऊन यायचा आणि एकदोन कासवं पाडून जायचा. आम्ही पहाटे पुन्हा उभी करायचो, दुपारी घराघरांतून भाकर घालायचो. मथुराबाई तर त्याच्याशी घरात बोलेनाशा झाल्या होत्या. त्याला जेवायला वाढून त्या म्हणत, “त्या वाघाले म्हणा, ताट ठेवलं आहे.” तो माझ्या दारात येऊन म्हणाला, काकू, खेळ खेळासारखा खेळा, माहे घरचं पाणी कायले तोडता. मला वाईट वाटलं. मी त्याला चिवड्याची वाटी दिली. पण गढी नाही दिली.

असं करत हंगामाचा शेवटचा दिवस आला. खेळ संध्याकाळी दिवे लागल्यावर थोड्या वेळाने बंद होणार होता. देऊळ, टाकी आणि बसस्टँड, तिन्ही हिरवे होते. सलोनीचा हिशोब असा की दिवसभर भाकर घालत राहिलं की संपलं. मी सकाळी कॅलेंडर पाहिलं आणि बोट ठेवून पुन्हा पाहिलं. संकष्टी चतुर्थी होती.

आम्ही सगळ्या निर्जळ नाही तरी निरन्न. चंद्र दिसल्याशिवाय धान्याचा कण नाही, आणि चंद्र उगवणार होता खेळ संपल्यानंतर. त्याचं काही नव्हतं, तो उपास आमचा. पण सहाही कासवांना मी स्वतःच्या तोंडाने व्रतात घेतलं होतं. व्रतस्थाला चतुर्थीच्या दिवशी भाकर कशी घालायची?

सलोनीने डोक्याला हात लावला. “आई, ती खरी नाहीत.”

मी म्हटलं, “संकल्प तर खरा आहे ना?”

हे झोपाळ्यावरून म्हणाले, “मला बरी दुपारी पोळी वाढतेस. मी काय कासवाहून खालचा?”

मी म्हटलं, तुम्हाला मी कधीही व्रतात धरलेलं नाही. सलोनी तोंडाला पदर नसताना पदर लावल्यासारखं करून आत गेली. मथुराबाईंनी शेवटचा निर्णय दिला की फळं चालतील. मंडळाने दुपारपर्यंत खेळातली सगळी केळी आणि सगळे पेरू घातले. कासवं जिवंत राहिली, पण माना टाकून.

साधनाबाईंनी राळेगावच्या वाटेवरून फोन केला. कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, बस हलत नव्हती, त्यांना वेळेवर पोचता येणार नव्हतं. बसस्टँड तासाभरात वाघांनी घेतला, मग टाकी गेली, त्रिकोण मोडला. देवळाची भिंत कागदासारखी झाली. मी साधनाबाईंना फोनवर कासवांची हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, “बाई, मी तिथं असती तं तुमच्या पाठीमागून दोन भाकरी घातल्या असत्या. तुमच्या देवाले मी सांगतलं असतं, की ह्या बाईचा काही दोष नाही.” दूर होत्या म्हणून वाचले, नाही तर मी त्यांना अडवलं असतं की नाही, मला अजून सांगता येत नाही.

दिवेलागणीला संजय आणि पूनमसिंग देवळाच्या मंडपात आले. नमस्कार केला, कोपऱ्यात खांबाला टेकून उभे राहिले आणि अंगठे चालवायला लागले. आम्ही आरतीची तयारी करत होतो. सलोनी माझ्या कानाशी एकेक सांगत होती. मथुराबाईंचं कासव पडलं. मग सलोनीचं पडलं. मंडपात उदबत्तीचा वास, फुलांचा वास आणि पडद्यावर आमच्या कासवांचे एकापाठोपाठ एक उलटे झालेले पाय. शेवटी एकच उरलं. माझं. त्याची ताकद किती उरली आहे ते दाखवणारी रेघ नखाएवढी होती.

मी देवाकडे पाहिलं. देव आपला मोदकाकडे पाहत होता. माझ्या हातात आरतीचं तबक होतं, निरांजनाच्या वाती नुकत्याच पेटवलेल्या. आमच्या देवळात चतुर्थीच्या आरतीचा मान घराघरांच्या पाळीने असतो आणि त्या दिवशीची पाळी आमच्या घराची होती. हे सकाळपासून कडक इस्त्रीचं धोतर नेसून तयार बसले होते. वर्षातून एकदा येते ती पाळी. मी यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, आज आपला मान मी दुसऱ्याला देते आहे. यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, आणि धोतराचा सोगा सावरत मागे सरकले. लग्न झाल्यापासून यांनी इतकं मोठं काही केल्याचं मला आठवत नाही.

मी तबक घेऊन संजयपुढे उभी राहिले. “संजयभाऊ,” मी म्हटलं, “आजच्या आरतीचा मान तुमचा.”

तो पहिल्याच वेळी ऐकू आल्यासारखा दचकला. देवाचं पेटलं तबक समोर आल्यावर आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. त्याने मोबाईल खिशात टाकला आणि उजवा हात पुढे केला. त्यात मी तबक दिलं. डाव्या हातात सलोनीने घंटी दिली. पूनमसिंग हळूच मागे सरकत होता, त्याच्या दोन्ही हातांत मंडळाने झांजा अडकवल्या. आणि आरती संपेपर्यंत तबक खाली ठेवायचं नसतं, हे आमच्या गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे.

मथुराबाईंनी मुलाकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी पाहिलं. मग घसा मोकळा करून सुरुवात केली.

गणपतीची झाली. शंकराची झाली. देवीची सगळ्या कडव्यांसकट झाली. एरवी आम्ही दत्ताची दोन कडवी म्हणतो, त्या दिवशी सगळी म्हटली. मग मारुतीची, मग शनीची, मग मथुराबाईंना आपल्या माहेरच्या ग्रामदेवतेची आठवली. ती आम्हाला कोणालाच येत नव्हती, म्हणून त्यांनी प्रत्येक ओळ दोनदा म्हणून दाखवली. संजयच्या खिशात मोबाईल गुरगुरत होता. सुरुवातीला त्याचे डोळे त्या खिशाकडे जात होते. देवीच्या आरतीनंतर मात्र तोही म्हणू लागला. त्याचा आवाज त्याच्या आईसारखाच आहे, भरदार. पूनमसिंगच्या झांजा इतक्या तालात होत्या की पुढे मंडळाने त्याला गोकुळाष्टमीचं आमंत्रण देऊन टाकलं.

याला कोणी कपट म्हणेल. मी रात्रभर विचार केला आणि माझ्या मते ते कपट नव्हतं. मी एक अक्षर खोटं बोलले नाही. मान दिला तो खरा दिला, पदरचा दिला. आता त्या मानाला वेळ किती लागावा, हे देवाच्या हातात असतं.

शेवटचा जयजयकार झाला आणि माझ्या कमरेला खोचलेला मोबाईल थरथरला. सलोनीने काढून पाहिला आणि तोंडावर हात दाबून धरला. हंगाम संपला होता. नखाएवढ्या रेघेवर माझं कासव उभं होतं. गढी आमची होती.

पडद्यावर चौकट आली, वर्षभरासाठी नाव लिहा. संजयने तबक देवापुढे ठेवलं आणि तोही पाहायला आला. पराभव त्याने अंगावर घेतलेला दिसला नाही, आरतीने थोडा दमला होता एवढंच. मी एकेक अक्षर शोधून लिहिलं, ‘श्री गणपती मंदिर’. बटण दाबलं. पडदा लाल झाला. धार्मिक नावं स्वीकारली जात नाहीत, असं खाली लिहून आलं. मी ‘गजानन’ लिहिलं. लाल. मथुराबाईंनी ‘देऊळ’ सुचवलं. लाल. दिलेल्या वेळात नाव न आल्यास जुनंच कायम राहील, अशी तळाशी सूचना होती आणि तिच्या शेजारी घड्याळ पळत होतं.

संजय मान खाजवत म्हणाला, “काकू, मी पहिले तेच टाकलं होतं. गणपती मंदिर. घेतच नाही थे. मग चिडून माह्यं टाकलं.”

एवढे दिवस दही सोडलं, शौचालयाला फेऱ्या घातल्या, गळ्यात हार घातले, घरात माय-लेकाचं बोलणं तोडलं, आणि हा माणूस युरियाच्या पोत्याजवळ उभा राहून एवढं एक वाक्य सांगू शकला नव्हता. “मग सांगतलं काहून नाही?” त्याच्या आईने विचारलं. तो म्हणाला, “काकू इतक्या हळू बोलतात, मले वाटलं त्या रागवल्याच नाही.”

घड्याळ पळत होतं. सगळ्याजणी एकदम सुचवू लागल्या. कोणी ‘मोदक’ म्हटलं, कोणी मंडळाचं नाव म्हटलं, हे म्हणाले माझं टाक, मान तर गेलाच आहे. तेवढ्यात संजयच्या दुकानातला माणूस कपिल त्याला शोधत आला आणि चिखलाच्या बुटांसकट मंडपाच्या पायरीवर चढला. मी जन्मभर जे सांगत आले तेच सांगायला तोंड उघडलं, आणि त्याने जन्मभर लोक करत आले तेच केलं. “अं?” म्हणाला आणि आणखी एक पायरी चढला.

मी मोबाईलकडे वळले आणि लिहिलं, ‘चपला-बूट बाहेर काढावे’.

बटण दाबलं. पडदा हिरवा झाला.

चंद्र ढगातून निघायला फार वेळ लागला. पण त्या रात्री उपास सोडताना ताटात दही होतं. मथुराबाईंनी स्वतः आणून वाढलं होतं, आणि त्यांच्या मागे उरलेलं भांडं धरून संजय उभा होता.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा यवतमाळकडून मोटरसायकलींवर खेळणाऱ्यांचा एक जथा आला. नव्या हंगामाची पहिली गढी घ्यायला निघालेली तरणीताठी माणसं. देवळाजवळ येऊन त्यांनी मोबाईल काढले, नकाशा पाहिला आणि सगळे पायरीपाशी थबकले. मग वाकून एकेकाने बूट काढले. एकजण तर शौचालयाशी उभा होता, त्यानेही काढले. मी मंडपात फुलं निवडत बसले होते आणि मला तोंड उघडावं लागलं नव्हतं.

बूट मात्र सगळे वाटेतच पडले होते, डावा इकडे, उजवा तिकडे. संजय दुकान उघडायला निघाला होता. तो थांबला, ते बूट पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि पायरीखालूनच म्हणाला, “काकू, ‘रांगेत’ राहून गेलं. पुढच्या वर्षी आपण थो एक शब्द वाढवू.”